चार कोर्स झाले, जळजळ तिथेच. आणि कल्चर म्हणतंय 'नो ग्रोथ'

निळाई

नमस्कार मंडळी. विषय चारचौघांत काढता येत नाही, म्हणून इथे काढतेय. वय 53. गेल्या अकरा महिन्यांत पाच वेळा उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, दर अर्ध्या-पाऊण तासाला जावंसं वाटणं, गेलं की चार थेंब, आणि उठून उभं राहिलं की परत जावंसं वाटणं. चार वेळा डॉक्टरांना फोन केला, त्यांनी "युरिन इन्फेक्शन दिसतंय" म्हणून अँटिबायोटिक सांगितलं. दोनदा बरं वाटलं, दोनदा नुसतं पोट बिघडलं.

पाचव्या वेळी आमचे डॉक्टर सुट्टीवर होते. बदली आलेल्या बाईंनी गोळी लिहिण्याआधी कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) करायला लावलं. रिपोर्ट आज आला: नो ग्रोथ. म्हणजे जंतू नाहीतच. पण जळजळ तर आहे! मग आधीचे चार कोर्स मी कशासाठी गिळले? कुणाला असा अनुभव आहे का?

पाऊसवेडी

भरपूर पाणी प्या ताई. मला कॉलेजात असताना सारखं व्हायचं, पाणी वाढवलं आणि गेलं.

खडूस

पाणी प्या, पाणी प्या. या देशात डोकं दुखलं, पाय दुखले, नोकरी गेली तरी पाणीच प्यायला सांगतात.

लॅबकाका

निळाईताई, मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. आधी एक सांगा. नमुना देण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत घरात उरलेली एखादी अँटिबायोटिक गोळी घेतली होती का? अगदी एक जरी? खरं सांगा, मी रागावणार नाही.

निळाई

काका... हो. मागच्या कोर्समधली एक उरली होती. आदल्या रात्री फार त्रास होत होता म्हणून घेतली.

लॅबकाका

मग या रिपोर्टवर विसंबू नका. त्या एका गोळीने लघवीत इतकं औषध उतरतं की जंतू असले तरी प्लेटवर वाढत नाहीत. कल्चर परत करा, गोळी न घेता.

आता नमुना कसा द्यायचा तेही सांगतो, कारण यात निम्मे लोक चुकतात आणि आमच्या माथी खापर फुटतं. हात धुवा. बायकांनी पुढची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवून घ्यावी आणि एका हाताच्या दोन बोटांनी कातडी बाजूला धरून ठेवावी. लघवीची पहिली धार कमोडमध्ये सोडा. धार न थांबवता बाटली मध्ये धरा, अर्धी भरली की काढून घ्या, उरलेली परत कमोडमध्ये. झाकण उलटं ठेवायचं नाही, त्याच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बाटली दोन तासांत लॅबला पोचली पाहिजे. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तीन तास फिरवून आणलेल्या बाटलीत जे उगवतं, ते रोग्याचं आहे की बाटलीचं हे मला तरी सांगता येत नाही. रिपोर्टवर 'मिक्स्ड ग्रोथ' आलं किंवा एपिथेलियल सेल्स (कातडीच्या पेशी) भरमसाट दिसले, तर बहुतेक वेळा नमुना घेतानाच कातडीवरचे जंतू मिसळलेले असतात. त्यावर गोळ्या सुरू करू नयेत.

पाऊसवेडी

बाप रे काका. मी आजवर सरळ पहिलीच धार भरत आले!

स्टेथो

मी जनरल प्रॅक्टिस करते. निळाई, मी तुमची डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून परस्पर औषध घेऊ नका.

आधी पाण्याबद्दल, कारण खडूस यांनी विनाकारण त्याची टवाळी केली आहे. 2018 साली एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या 140 तरुण स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, वर्षभर. त्यांना सरासरी 1.7 वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना 3.2 वेळा. म्हणजे पाऊसवेडींचं बरोबर आहे. फक्त हे कमी पिणाऱ्यांसाठी आहे. आधीच तीन लिटर पिणाऱ्याने पाच केले तर नुसत्या फेऱ्या वाढतील. आणि हृदय किंवा किडनीच्या आजारात ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी हा सल्ला वाचलाच नाही असं समजावं.

आता मुद्दा. जळजळ हे लक्षण आहे, ते अनेक आजारांत दिसतं. जंतुसंसर्ग हे सगळ्यात नेहमीचं कारण. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटर, पुरुषाचा साधारण 20, त्यामुळे आतड्यातला ई. कोलाय हा जंतू बाईच्या मूत्राशयापर्यंत सहज पोचतो. साध्या इन्फेक्शनमध्ये चारातल्या तीन वेळा तोच असतो. पण जागेला बुरशी झाली तरी जळजळते, साबण-स्प्रे लागला तरी जळजळते, खडा उतरत असेल तरी जळजळते, आणि पाळी गेल्यावर ती त्वचा पातळ आणि कोरडी झाली तरी जळजळते. म्हणून विचारते: पाळी कधी गेली? कोरडेपणा, खाज, संबंधांच्या वेळी दुखणं? लघवी सुरू होताना जळजळ जास्त की बाहेरच्या कातडीला लागल्यावर? आणि या अकरा महिन्यांत थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं काही?

शेवटचा प्रश्न सगळ्यांसाठी आहे. ते असेल तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. तेव्हा धागे वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. गरोदर बाईने तर नुसती जळजळ असली तरी.

खडूस

ठीक आहे, पाण्याचे शब्द मागे घेतो. पाण्यासकट गिळतो.

निळाई

डॉक्टर, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. कोरडेपणा आहे, तो वयाचा म्हणून सोडून दिला होता. जळजळ म्हणाल तर बाहेर लागल्यावर जास्त, जखमेवर मीठ पडावं तशी. ताप कधीच नाही. हे दोन वेगळे प्रकार असतात हे मला आज कळतंय. फोनवर कुणी विचारलंच नाही, आणि मीही नुसतं "परत सुरू झालंय" एवढंच सांगत आले.

मधली_सून

याच धाग्यात विचारते, वेगळा काढत नाही. सासूबाई 81. लघवी गढूळ दिसते, वास येतो. कल्चर केलं तर एक लाखाच्या वर कॉलनी काऊंट (जंतूंची मोजणी). डॉक्टर म्हणाले औषध नको! त्यांना जळजळ नाही, ताप नाही, नेहमीसारखं जेवतात, पेपर वाचतात, आमच्याशी भांडतात. पण घरातले सगळे माझ्यामागे लागलेत की दुसरा डॉक्टर बघ.

स्टेथो

डॉक्टर बदलू नका, असे मिळत नाहीत. लघवीत जंतू सापडणं आणि इन्फेक्शन होणं या दोन गोष्टी आहेत. वाढत्या वयात पुष्कळ बायकांच्या लघवीत जंतू निवांत राहतात, काही करत नाहीत. त्रास नसताना त्यांना मारायला गेलं तर ते थोडे दिवस जातात आणि गोळ्यांना न जुमानणारे परत येतात. मग खरंच गरज पडेल तेव्हा हाताशी औषध उरत नाही. अपवाद गरोदरपणाचा, आणि मूत्रमार्गाची रक्त येण्याजोगी शस्त्रक्रिया ठरली असेल त्याचा. वास आणि गढूळपणा पाणी कमी प्यायल्यानेही येतो. ताप आला, पोटात-कुशीत दुखलं, लघवीला त्रास सुरू झाला तर मात्र लगेच दाखवा. अचानक असंबद्ध बोलू लागल्या तरी दाखवा, पण तेव्हा सगळं खापर लघवीवर फोडून मोकळं होऊ नका. त्यामागे दुसरी कारणंही असतात.

मधली_सून

भांडतात तोवर ठीक, असं लिहून घेते. धन्यवाद!

निवृत्त

बायकांच्या चर्चेत घुसतोय, क्षमस्व. वय 69. प्रोस्टेट वाढलंय हे माहीत होतं, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, पण रेटत होतो. मागच्या हिवाळ्यात सर्दी झाली. दुकानातून सर्दीची साधी गोळी आणली, दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री लघवी बंद! पोट टम्म, घाम, बाथरूमचा नळ सोडून उभा, एक थेंब नाही. पहाटे तीनला मुलगा घेऊन गेला. नळी घातली तेव्हा पिशवीत 900 मिली आलं. नर्स आकडा मोठ्याने म्हणाली तो अजून कानात आहे. त्या सुखाचं वर्णन करायला मला शब्द नाहीत.

नंतर कळलं की नाक मोकळं करणारं आणि झोप आणणारं असं जे काही त्या गोळीत असतं, ते मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि स्नायू ढिला पाडतं. गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. चष्मा शेजारीच पडला होता.

आता प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत, धार सुधारली. पण रात्री चार वेळा उठणं काही थांबत नाही. आणि रात्री भरपूर होते, थोडी थोडी नाही.

स्टेथो

भरपूर होते हे सांगितलंत ते बरं केलंत. थोडी थोडी होत असती तर प्रोस्टेट किंवा मूत्राशयाकडे बघितलं असतं. भरपूर होत असेल तर पाणी येतंय कुठून ते शोधायचं. संध्याकाळी मोजे काढल्यावर पायावर वळ उमटलेले दिसतात का? बीपीची गोळी कुठली आणि कधी घेता? घोरता का?

निवृत्त

वळ उमटतात, बोट रुतेल एवढे! घोरण्याबद्दल सौ.ना विचारावं लागेल. (विचारलं. हसल्या.)

स्टेथो

दिवसभर पायांत उतरलेलं पाणी तुम्ही आडवे झालात की रक्तात परत येतं आणि किडनी ते रात्री बाहेर काढते. दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडून बघा, संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी करा. पण पायाला सूज का येते ते आधी तपासून घ्या. हृदय, किडनी, बीपीची काही औषधं, काहीही असू शकतं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. आणि झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही रात्रीची लघवी वाढते. घोरण्याचा आणि मूत्राशयाचा संबंध सांगितला की पेशंट माझ्याकडे संशयाने बघतात.

एक_वाटसरू

वडिलांना परवा लघवीतून लाल झालं. एकदाच. दुखलं वगैरे काही नाही. काल-आज अगदी स्वच्छ. ते म्हणतात उष्णता झाली असेल, विषय संपला. वय 64. सिगारेट चाळीस वर्षं, गेल्या वर्षी सोडली. हा काळजीचा प्रकार आहे का?

लॅबकाका

बीट खाल्लं होतं का? टीबीचं औषध चालू आहे का? त्यानेही लघवी लाल-नारिंगी होते. दोन्ही नसेल तर उद्याच घेऊन जा.

स्टेथो

बीट खाल्लं असलं तरी न्या. न दुखता आलेलं रक्त, तेही एकदाच येऊन थांबलेलं, हे मला दुखणाऱ्या रक्तापेक्षा जास्त खुपतं. मूत्राशयाचा कर्करोग अनेकदा असाच सुरू होतो आणि सिगारेट हे त्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. धुरातली विषं किडनी गाळून काढते आणि ती मूत्राशयात तासन्तास साठून राहतात. काहीच नसेलही, खडा असेल, प्रोस्टेट असेल. पण युरॉलॉजिस्टकडे जाऊन सोनोग्राफी आणि मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी झाल्याशिवाय "उष्णता" म्हणू नका. रक्त थांबलं म्हणून कारण गेलं असं होत नाही.

एक_वाटसरू

अपॉइंटमेंट घेतली. त्यांना सांगितलंय की माझंच दाखवायचंय, सोबतीला चला.

शिंकतेय_हसतेय

माझी तक्रार जळजळीची नाही. दुसऱ्या बाळंतपणाला तीन वर्षं झाली. शिंक आली, जोरात हसू आलं, मुलाला उचललं की थोडी लघवी होते. शिंक येतेय असं वाटलं की जिथे असेन तिथे पाय आवळून उभी राहते. ऑफिसात आता सगळे ओळखतात की ही शिंकणार. केगल व्यायाम करून बघितले, फरक नाही.

कण्यापासून

फिजिओथेरपिस्ट आहे. "केगल केले, फरक नाही" म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणी प्रत्यक्षात पोट आत ओढत असतात किंवा कुंथत असतात, म्हणजे नेमकं उलटं. (1948 मध्ये ज्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी हा व्यायाम मांडला, त्यांनी बाईला आपण बरोबर आवळतोय का ते कळावं म्हणून दाब मोजायचं उपकरणही त्यासोबत वापरलं होतं. उपकरण मागे पडलं, व्यायामाचं नाव तेवढं राहिलं.)

अशी कल्पना करा की वारा सरतोय आणि चारचौघांत तो रोखायचाय. तो जो झडपेसारखा भाग आत आणि वर ओढला जातो, तो. पोट मऊ, मांड्या सैल, कुल्ले सैल, श्वास चालू. आवळून काही सेकंद धरा, मग पूर्ण सोडा. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. एका वेळी निदान आठ, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने. लोक तीन आठवड्यांत सोडून देतात. शिंकेच्या क्षणी पाय आवळण्याऐवजी हाच स्नायू आवळायचा. लघवी करताना धार अडवून सराव करू नका, ती वाईट सवय लागते. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते घालवा. शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या. काहींचे स्नायू ढिले नसतात, उलट सतत आवळलेले असतात. त्यांना हा व्यायाम अपाय करतो.

शिंकतेय_हसतेय

मी कुंथतच होते. तीन वर्षं.

पाऊसवेडी

क्रॅनबेरीबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

स्टेथो

ज्यांना वारंवार इन्फेक्शन होतं अशा स्त्रियांमध्ये आणि मुलांमध्ये त्याने पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं असं कोक्रेन या, वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात आहे. झालेलं इन्फेक्शन बरं होत नाही. साखर घातलेला रस प्यायचा तर मधुमेह्यांनी विचार करावा. मधुमेहावरून आठवलं: नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे बुरशीची खाज होऊ शकते आणि तिलाही लोक युरिन इन्फेक्शन म्हणतात. आणि ते जळजळ कमी करायचं आंबटगोड सिरप: लघवीचा आम्लपणा घालवतं, जंतू घालवत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर ते घेऊ नका. त्या गोळीला आम्ल लघवीच लागते.

निळाई

दुसरं कल्चर आलं. गोळी न घेता, काकांनी सांगितलं तसं दिलं (एका हाताने कातडी, दुसऱ्यात बाटली, आणि तिसरा हात झाकणाला हवा होता). नो ग्रोथ. पस सेल्स (पू-पेशी) 2-3, म्हणजे नगण्य. म्हणजे यावेळी तरी जंतू नाहीत.

गायनॅककडे गेले. तपासताच म्हणाल्या, इस्ट्रोजेन कमी झाल्याने तिथली आणि मूत्रमार्गाच्या तोंडाची त्वचा कागदासारखी झाली आहे. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय. हार्मोन म्हटल्यावर मी घाबरले, पण यातलं रक्तात फारच थोडं जातं म्हणाल्या. घरात कुणाला, मला, स्तनाचा कर्करोग झाला होता का ते मात्र दोनदा विचारलं.

आणि तीन दिवस लघवी मोजून लिहायला सांगितली! एक जुना मेजरिंग मग बाथरूममध्ये ठेवला. पहिल्या दिवसाचं लिहिते: सकाळी उठल्यावर 350. मग 90, 60, 70, 110, 50, 80... दिवसभरात चौदा फेऱ्या. कुठेही निघायच्या आधी "शेवटची एकदा" जाऊन यायची माझी सवय, ती त्या यादीत स्पष्ट दिसते: 50, 60, 50.

कण्यापासून

सकाळी 350 मावतात, म्हणजे मूत्राशयाची पिशवी लहान नाही. सवय लहान आहे. रिकामी असतानाच "जाऊन येऊ" म्हटलं की थोडं भरलं तरी ती हाक मारायला शिकते. घाई झाली की धावू नका. बसा, स्नायू चार-पाच वेळा पटपट आवळा, लाट ओसरू द्या, मग चालत जा. आत्ता पाऊण तास असेल तर एक तास करा, आठवड्याने सव्वा. तीन-चार तासांपर्यंत पोचलात की थांबा. त्यापुढे धरून ठेवण्यात पुरुषार्थ नाही.

स्टेथो

क्रीमला सहा ते बारा आठवडे द्या, दहा दिवसांत सोडू नका. पाळी गेलेल्या बायकांमध्ये वारंवार होणारं इन्फेक्शन याने कमी होतं हे 1993 पासून माहीत आहे, तरी अजून फोनवर अँटिबायोटिकच सांगितलं जातं. आधीच्या चारपैकी दोन वेळा बरं वाटलं, ती कदाचित खरी इन्फेक्शनं असतील. कल्चर नसल्यामुळे आता कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या वेळी जळजळ झाली तर आधी बाटली, मग गोळी.

एक_वाटसरू

वडिलांचं: दुर्बिणीत एक छोटी गाठ दिसली, काढली. वरवरची होती, स्नायूत गेलेली नाही. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघत राहायचं आहे. ते डॉक्टरांना म्हणाले, मुलाला दाखवायला आलो होतो. धागाकर्तीचे आणि सगळ्यांचे आभार.

निवृत्त

वाचून बरं वाटलं. दुपारी पाय वर घेऊन पडतो, चारचे दोन झाले. हृदयाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

निळाई

तीन महिन्यांनी लिहितेय. जळजळ जवळपास गेली. फेऱ्या चौदावरून आठवर. मध्ये एकदा परत त्रास झाला, घाबरून कपाटाकडे गेले, पण तिथे आता गोळ्यांऐवजी निर्जंतुक बाटली ठेवली आहे. ती भरून दिली. ई. कोलाय निघाला, पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरा झाला. वर्षभरात पहिल्यांदाच कळलं की मी कशाची गोळी घेतेय.

मेजरिंग मग अजून वापरते. काल दुपारी 280 आले तर नवऱ्याला हाक मारून सांगितलं.

लॅबकाका

अभिनंदन. मगवर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून ठेवा. आमच्याकडे एका पेशंटचा मग स्वयंपाकघरात परत गेला होता.